घाणेरीचं फळ

आमच्या पुरंदरच्या डोंगरपट्ट्यात घाणेरी ठाऊक नाही असं माणूस सापडायचं नाही. कुणी तिला घाणेरी म्हणतं, कुणी टणटणी. बांधाला ती, ओढ्याला ती, पडीक रानात ती, आणि डोंगराच्या उतारावर तर नुसती तीच. पान चुरगाळलं की उग्र वास येतो आणि तो दिवसभर हाताला राहतो. त्या वासावरूनच हे नाव पडलं. एवढी बदनाम झाडी, पण आमच्या पिढीतलं एक पोर असं नसेल की ज्यानं तिची फळं खाल्ली नाहीत.

बोरं, करवंदं, जांभळं यांच्यावर पुष्कळ जणांनी लिहिलंय. घाणेरीच्या फळावर कुणी लिहीत नाही. हे फळ बाजारात येत नाही, देवाला वाहत नाहीत, पाहुण्यापुढं ठेवत नाहीत. मोठी माणसं ते तोडायला वाकत नाहीत. ते पोरांचं फळ, पोरांनीच शोधलेलं आणि पोरांनीच पोरांना शिकवलेलं. त्याचा इतिहास मात्र सातासमुद्रापलीकडं सुरू होतो. माझ्या घरापुरताही त्याचा एक इतिहास आहे. तो मी पन्नास वर्षं कुणाला सांगितला नव्हता. दोन्ही इथं लिहून ठेवतो.

मी सहा-सात वर्षांचा असताना थोरल्या बहिणीबरोबर गुरांमागं जायला लागलो. तिला आम्ही अक्का म्हणायचो. सकाळची शाळा झाली की भाकरी खाऊन निघायचं, ते दिवस मावळायला घरी. तीन-चारच्या सुमाराला पोटात कावळे ओरडायला लागायचे. बरोबर काही खायला असलं तर असलं, नसलं तर नसलं. तेव्हा अक्का घाणेरीच्या जाळीपाशी थांबायची.

पहिल्या दिवशी तिनं मला हात लावू दिला नाही. आधी बघायला लावलं. म्हणाली, "काळी खायची. हिरवी तोंडात घालायची न्हाई. जांभळट दिसली तरी दोन दिस ऱ्हाऊ द्यायची."

"काळी हाय का न्हाई ते कळायचं कसं?"

"हात लावल्याबरोबर आपसूक हातात आली तर पिकली. वढावी लागली तर ती तुझी न्हवं, पाखराची."

एवढाच आमचा अभ्यास. अक्काला हे कुणी शिकवलं? तिच्याहून मोठ्या पोरींनी. त्यांना त्यांच्याहून मोठ्यांनी. आईबापांनी यातलं काही शिकवल्याचं मला आठवत नाही. ते एवढंच म्हणायचे, "त्या घाणेरीत शिरू नका, जनावर असतं." जनावर म्हणजे साप.

आता आमच्याकडं गुरं राखणारी पोरं राहिली नाहीत, त्यामुळं हे तोंडी शिक्षणही थांबलं. म्हणून घाणेरी ओळखायची कशी ते सविस्तर लिहितो.

तिची फांदी गोल नसते, चौकोनी असते. दोन बोटांत धरून फिरवली की कोपरे लागतात. फांदीवर बारीक काटे असतात, तेही मागं वळलेले. हात आत सहज जातो, बाहेर काढताना ओरबाडून निघतो. पानं समोरासमोर दोन-दोन, कडेला करवतीसारखे दाते. वरून हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखी खरखरीत. फुलांचा झुबका साधारण जुन्या रुपयाएवढा, आणि एकाच झुबक्यात दोन-तीन रंग. मधली पिवळी, कडेची केशरी, लाल नाहीतर गुलाबी. ही फुलं वेगवेगळी नसतात. ताजं उमललेलं फूल पिवळं असतं, एक-दोन दिवसांत ते रंग बदलतं. फुलपाखरं पिवळ्यावरच जास्त बसतात, कारण मध तिथं असतो. आम्ही पोरंही पिवळी फुलं उपटून मागच्या टोकानं चोखायचो. पुस्तक वाचून नव्हे, जिभेला कळायचं म्हणून.

फुलं झडली की त्याच जागी हिरव्या मण्यांचा घोस धरतो. मणी ज्वारीच्या दाण्यापेक्षा जरा मोठा, मटारापेक्षा लहान. घोसातले सगळे मणी एकदम पिकत नाहीत. दोन काळे, एक जांभळट आणि बाकीचे हिरवे असंच बहुतेक वेळा दिसतं. म्हणूनच घोस ओरबाडून तोंडात टाकायचा नाही, एकेक मणी वेचायचा. पिकलेला मणी काळा-निळा, चकचकीत आणि मऊ असतो. आत एकच कठीण बी. गर थोडासाच, गोडसर, मागून तुरट. झाडाचा वास थोडा राहतोच. बी चावायचं नाही, थुंकून टाकायचं. दहा-बारा फळं खाल्ली की जीभ जांभळी होते आणि ती संध्याकाळपर्यंत जात नाही. ही जिभेची गोष्ट लक्षात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

हिरवी फळं विषारी. ती पोटात गेली तर उलट्या होतात, पोट दुखतं, पोर मलूल होऊन पडतं. जास्त गेली तर जिवावर बेतू शकतं. आमच्या आळीत एका पोरानं पैजेवर हिरवी फळं खाल्ली होती. रात्रभर ओकत होतं. सकाळी त्याच्या आजीनं आम्हा सगळ्यांना ओळीनं उभं करून शिव्या दिल्या. त्यानंतर गावातल्या कुठल्याच पोरानं तसली पैज लावली नाही.

आता ही झाडी आली कुठून?

माझा आज्जा म्हणायचा, "ही गोऱ्यांची झाडी." इंग्रजांच्या काळात पुरंदर किल्ल्यावर आजारी गोऱ्या सोल्जरांना हवापालटासाठी ठेवत असत. तिथले बंगले आज्जानं पोरपणी लांबून पाहिले होते. "बंगल्याला कुंपण म्हणून लावली, अन् कुंपणच रानात पळालं," असं सांगून तो हसायचा. मला ती म्हाताऱ्या माणसाची गंमत वाटायची. माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालं, पण वाचायची सवय सुटली नाही. तालुक्याच्या वाचनालयात झाडांवरची पुस्तकं हाताला लागली, कृषी प्रदर्शनात माहिती देणारी माणसं भेटली, आणि कळलं की मूळ मुद्द्यात आज्जा बरोबर होता.

घाणेरीचं मूळ गाव मध्य आणि दक्षिण अमेरिका. सतराव्या शतकात डच लोकांनी ती ब्राझीलकडून युरोपात नेली. तिकडच्या थंडीत ती उघड्यावर जगेना, म्हणून तिला काचेच्या घरात वाढवलं. आपल्याकडं बांधावरनं उपटून फेकतात तिच्यासाठी तिकडं श्रीमंतांनी काचेची घरं बांधली! स्वीडनच्या लिनियसनं १७५३ साली आपल्या ग्रंथात तिचं नाव लँटाना कामारा असं नोंदलं. बागवानांनी एकीचा दुसरीशी संकर करून नाना रंगांच्या जाती काढल्या. आज आपल्या रानात जी आहे ती या बागेतल्या संकरांचीच औलाद आहे.

हिंदुस्थानात ती आली कलकत्त्याच्या वाटेनं. हुगळीच्या काठी शिवपूरला ईस्ट इंडिया कंपनीनं १७८७ साली मोठी बाग काढली होती. जगभरची झाडं आणायची, इथं रुजतात का बघायचं, त्यातून कंपनीचा काही फायदा होतो का ते तपासायचं, असा तिथला कारभार. घाणेरी तिथं १८०७ च्या सुमाराला आली. तिच्यापासून ना धान्य मिळणार होतं, ना रंग, ना लाकूड. ती आली शोभेसाठी. बारा महिने फुलते, पाणी फारसं मागत नाही, दाट वाढते, गुरं तोंड लावत नाहीत. मग साहेबाच्या बंगल्याला, छावणीला, चहा-कॉफीच्या मळ्यांना कुंपण म्हणून ती देशभर गेली. काँग्रेस गवत परदेशी धान्याच्या पोत्यातून चोरपावलांनी आलं असं म्हणतात. घाणेरी तशी नाही. तिला पाहुणी म्हणून बोलावून, पाट मांडून बसवलं होतं.

माळ्याच्या हातात कात्री होती तोवर सगळं ठीक होतं. पण माळी फुलाकडं बघत होता आणि पाखरं फळाकडं. बुलबुल आणि साळुंक्या काळी फळं खाऊन उडायच्या आणि दोन शेतं पलीकडच्या झाडावर बसून बी टाकायच्या. एकेका झाडाला हजारांनी फळं लागतात. तोडली तर बुंध्यातून चार धुमारे फुटतात. जाळली तरी पावसाळ्यात परत हिरवी होते. तिच्या दाट सावलीत गवत येत नाही. गवत गेलं की गुरांचं आणि हरणांचं रान गेलं.

शंभर वर्षांच्या आत साहेबाला चूक कळली, पण वेळ गेली होती. हवाई बेटांवरही ती अशीच शोभेला आली आणि अशीच माजली. तिथं १९०२ साली मेक्सिकोतून तिला खाणारे किडे आणून सोडले. आपल्याकडंही १९२१ साली तसा एक किडा आणला गेला. १९४१ साली आणखी एक जात ऑस्ट्रेलियातून डेहराडूनला आणली. तपासणीत तो किडा सागाच्या फुलांवरही जगतोय असं दिसलं, म्हणून तो सोडायचा बेत रद्द केला. तरी तो बाहेर पडलाच. घाणेरीचं मात्र त्यानं काही फारसं बिघडवलं नाही. २०२० साली वन्यजीव अभ्यासकांनी आपल्या देशातल्या वाघांच्या जंगलांची पाहणी छापली. त्यात दीड लाख चौरस किलोमीटरहून जास्त जंगल घाणेरीनं व्यापल्याचं लिहिलंय. एका बागेतल्या रोपट्यांपासून एवढं झालं.

आता माझ्या घरचा इतिहास.

१९७२ साली मी बारा वर्षांचा होतो. त्याआधीची दोन सालंही तुटीचीच गेली होती. त्या वर्षी पावसानं तोंडच दाखवलं नाही. विहिरी तळाला गेल्या. पेरलेलं उगवलं नाही, उगवलं ते करपलं. आण्णा, आई आणि अक्का दुष्काळी कामावर खडी फोडायला जायला लागले. मे १९७३ मध्ये सबंध राज्यात जवळजवळ ५० लाख माणसं असल्या कामांवर होती, असं पुढं वाचलं. वाचताना मला त्यात आमच्या घरातली तिघं दिसली. कामावर सुकडी मिळायची. रेशनवर लाल मिलो मिळायची, अमेरिकेतून आलेली. तिची भाकरी घशाखाली उतरायची नाही, पण उतरवायला लागायची. मी घाणेरीची फळं खायचो, तीही मूळची तिकडचीच. त्या वर्षी आमचं निम्मं पोट अमेरिकेवर चाललं होतं म्हणायला हरकत नाही.

गावातली जनावरं कवडीमोलानं जात होती. बाजारात नेलेली परत आणायची ताकद नाही आणि दावणीला घालायला वैरण नाही. आण्णांनी बैल विकले, म्हैस विकली. एक कालवड तेवढी ठेवली. ती माझ्या मामानं आईला दिली होती, आदल्या वर्षीच, नीरेच्या काठावरच्या गावातून आणलेली. काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची, म्हणून तिचं नाव कबरी. ती पहिल्यांदाच गाभण होती. आई म्हणायची, "एवढी व्याली की पोरांच्या तोंडाला दूध लागंल." आण्णांनी दोन गिऱ्हाइकं परत पाठवली.

ही कबरी माझ्याकडं होती. घरातली सगळी कामावर, मी आणि ती डोंगरात. दिवाळी होऊन गेली होती. माळावर गवताची काडी नव्हती, नुसती धूळ. पण डोंगराच्या एका ओघळीत थोडी ओल धरून होती आणि तिथं घाणेरी हिरवीगार होती. फळंही होती. मी रोज तिथं जायचो आणि पोटभर नाही तरी मूठभर खायचो. कबरी बाजूला उभी राहून वाळकी मुळं हुंगत राहायची. तिच्या बरगड्या मोजता यायच्या.

गावची जुनी गुरं घाणेरीला तोंड लावत नसत, हे मला दिसत होतं. ते का, हे मी कधी विचारलं नव्हतं. मला वाटायचं, वासामुळं. कबरी नदीकाठच्या सपाट मुलखातली. तिनं ही झाडी कधी पाहिली नव्हती. एके दिवशी तिनं एक पान तोडलं, चघळलं, टाकलं नाही. मला आनंद झाला. मी मनाशी म्हणालो, मी खातो की! मी रोज खातो, मला काही होत नाही. मग हिला काय होणार?

मी कोयत्यानं काटे छाटून कवळ्या फांद्या तिच्यापुढं टाकल्या. भुकेल्या जनावरानं खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाकल्या. तिसऱ्याही दिवशी. तीन दिवस मी घरी अगदी ताठ मानेनं आलो, की आज कबरीचं पोट भरलं.

चौथ्या दिवशी ती रवंथ करेना. शेण टाकेना, टाकलं तर खडे. पाणीही नको. मूत गर्द पिवळं, काविळीच्या माणसासारखं. डोळ्यांची पापणी उलटून बघितली तर आतून पिवळी. उन्हात बांधली की दावं ताणून सावलीकडं ओढ घ्यायची. मग जे झालं ते मी कधी विसरलो नाही. तिच्या अंगावरचे पांढरे ठिपके तेवढे लाल झाले, सुजले, आणि पुढं कातडं तडकून सोलपटायला लागलं. काळ्या ठिपक्यांना काही नाही. जणू कुणी कबरीवर बसून पांढरं तेवढं भाजलं होतं. नाकाडाला भेगा पडल्या.

आण्णांनी खाडा करून जनावरांच्या डॉक्टरला आणलं. भला माणूस होता, सायकलवर आला. त्यानं कबरीकडं बघताच विचारलं, "घाणेरी खाल्ली का हिनं?"

आण्णा माझ्याकडं वळले. "कुठं चारतुयास हिला?"

मी म्हणालो, "माळावर."

डॉक्टरनं औषध पाजलं, अंगाला लावायला मलम दिलं, आणि काही झालं तरी उन्हात बांधू नका म्हणून बजावलं. आम्ही तिला छपरात अंधाऱ्या कोपऱ्यात बांधली. आई रात्री उठून तिच्या अंगावरच्या माश्या वारायची. आजारी पडल्यापासून अकराव्या दिवशी कबरी गेली. पोटातलं वासरूही गेलं.

त्या रात्री आण्णा जेवले नाहीत. आई मला घेऊन परड्यात गेली. कंदील वर धरला आणि म्हणाली, "आ कर." मी तोंड उघडलं. त्या दिवशीही मी ओघळीत जाऊन आलो होतो. भूक थांबत नाही. आईनं माझी जांभळी जीभ बघितली. कंदील खाली केला. "तुझी जीभ सांगतीया कुठं हुतास ते," एवढंच बोलली. मला वाटलं आता ती आण्णांना हाक मारणार. तिनं पदरानं माझं तोंड पुसलं आणि आत गेली. आण्णांना तिनं शेवटपर्यंत सांगितलं नाही. मीही सांगितलं नाही. आण्णा जाऊन वीस वर्षं झाली, आई त्यानंतर गेली. कबरीच्या माहेरी, मामाकडं, आईनं निरोप धाडला तो एवढाच की दुष्काळात गेली.

पुष्कळ वर्षांनी मला यामागचं कारण समजलं. घाणेरीच्या पानात लँटाडीन नावाचं विष असतं. ते जनावराच्या यकृतावर जातं आणि पित्ताची वाट बंद करतं. गवताच्या हिरव्या रंगातून पोटात एक द्रव्य तयार होतं. एरवी ते पित्तावाटे बाहेर पडतं. पित्तच अडलं की ते रक्तात राहतं आणि कातडीत उतरतं. त्यावर ऊन पडलं की कातडी भाजते. काळ्या कातडीत उन्हाला अडवणारा रंग असतो, पांढरीत नसतो. म्हणून कबरीचे पांढरे ठिपके जळले. गाय, म्हैस, मेंढी, शेळी, सगळ्यांनाच हे विष बाधतं. शेळी काहीही पचवते असं आपण म्हणतो, पण घाणेरी तिलाही पचत नाही. स्थानिक जनावरं शहाणी असतात, ती टाळतात. फसतात ती दोनच प्रकारची जनावरं. एक उपाशी, दुसरं परगावहून आणलेलं. कबरी दोन्ही होती. ऑस्ट्रेलियात आणि दक्षिण आफ्रिकेतही या झाडीनं अशीच गुरं मारली आहेत, आणि हे विषाचं शास्त्र तिकडच्या आणि इकडच्या पशुवैद्यांनी अशाच मेलेल्या गुरांवरून शोधून काढलं.

हे वाचल्यावर मन थोडं हलकं व्हायला हवं होतं. तसं झालं नाही. पण एक गोष्ट स्पष्ट दिसली. मी खात होतो ते पिकलेलं फळ, आणि कबरीला घातली ती पानं. झाड एक, पण दोन वेगळ्या वस्तू. शिवाय तिचं तोंड वेगळं, पोट वेगळं. अक्कानं मला फळाचा धडा दिला होता, मी तो पानाला लावला. माणसाचा धडा जनावराला लावला.

घाणेरीला मी तेव्हापासून वैरीण मानलं असं मात्र नाही. आम्ही तिच्या काठ्या कुडाला वापरल्या, सरपण म्हणून जाळल्या. बटाट्याच्या ढिगावर तिचा पाला पसरला तर पाकोळीचा त्रास कमी होतो, तेही करून बघितलं. कर्नाटकात मलय महादेश्वराच्या डोंगरातले लोक तिच्या काठ्या उकळून, सोलून खुर्च्या-टेबलं बनवतात. निलगिरीकडच्या आदिवासी कारागिरांनी तर तिचे खऱ्याएवढे हत्ती बनवले. ते हत्ती २०२१ साली लंडनच्या बागांत नेऊन उभे केले होते. गोऱ्यांनी जी शोभेला म्हणून आणली, ती दोनशे वर्षांनी त्यांच्याच राजाच्या बागेत शोभेला परत गेली. आज्जा असता तर पोट धरून हसला असता.

हे सगळं लिहायला आता निमित्त झालं ते माझ्या नातवाचं.

थोरला मुलगा पुण्यात नोकरीला आहे. नातू सात वर्षांचा. गेल्या दिवाळीत तो गावी आला तेव्हा मी त्याला डोंगरात नेलं आणि अक्काच्या पद्धतीनं घाणेरीचं फळ शिकवलं. आधी बघायचं. काळं खायचं. हात लावल्यावर आपसूक आलं तरच आपलं. त्यानं सात-आठ फळं खाल्ली आणि मोबाइलमध्ये आपली जांभळी जीभ बघून नाचला. सूनबाईंनी मला काही म्हटलं नाही, पण चेहऱ्यावर आलं होतं.

पुढं संक्रांतीच्या सुमाराला मी पुण्याला गेलो. त्यांच्या सोसायटीला बाग आहे. बागेत बुटकी, पिवळ्या फुलांची घाणेरी लावलेली. नर्सरीतून विकत आणलेली! माळी तिला पाणी घालताना बघून मला क्षणभर आपण १८०७ सालच्या कलकत्त्यात उभे आहोत असं वाटलं. पलीकडं सोनेरी पानांचं कुंपण होतं. ते दुरांताचं. ही झाडी घाणेरीच्याच कुळातली, मूळची अमेरिकेचीच, आणि नाव पडलंय इटलीच्या एका वैद्यावरून. कुंपणाचा एक कोपरा कापायचा राहिला होता. तिथं फिकट जांभळी फुलं आली होती आणि पिवळ्याधमक मण्यांच्या माळा लोंबत होत्या. दिसायला इतक्या सुंदर की सोनाराकडच्या वाटाव्यात.

नातू पळत आला. मूठ उघडली. त्यात पिवळे मणी.

"आबा, ही पिकलीत ना? हात लावल्यावर आपसूक आली."

"खाल्लंस का?" माझा आवाज मलाच ओळखू येईना.

"नाही. आधी तुम्हाला दाखवायला आणली. पण बुलबुल खातो की! आत्ता खाल्ली त्यानं."

बुलबुल खातो की. मी खातो की. त्रेपन्न वर्षांपूर्वीचं माझंच वाक्य पोराच्या तोंडून आलं. दुरांताची फळं माणसाला विषारी असतात. पाखराला त्यांचं काही होत नाही. पाखराचं पोट वेगळं.

मी त्याची मूठ रिकामी केली, नळाखाली हात धुतले, तोंडात बोट घालून बघितलं. मग बागेतल्या बाकावर बसवून त्याला कबरीची सगळी गोष्ट सांगितली. माळावर चारली असं खोटं बोललो, तेही सांगितलं. पोरांना वाईट गोष्टी सांगू नयेत म्हणतात, पण मला वाटलं याला ती कळायला हवी. सूनबाई मागं येऊन उभ्या होत्या, त्यांनीही ऐकली. घरातल्या कुणाला ती मी त्या दिवशी पहिल्यांदा सांगितली.

पोरानं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मग तुमच्या अक्कांनी तुम्हाला सांगितलं नव्हतं का, पानं द्यायची नाहीत म्हणून?"

"मी विचारलंच नव्हतं," मी म्हणालो.

मग आम्ही दोघांनी मिळून अक्काच्या धड्यात भर घातली. काळं खायचं, हिरवं नाही, हा नियम घाणेरीपुरताच. दुसऱ्या झाडाला तो लावायचा नाही. आधी झाड ओळखायचं, फांदी चौकोनी का, पान खरखरीत का, वास तोच का, मग फळाकडं बघायचं. फळ खाता येतं म्हणजे पान खाता येतं असं नाही. पाखरू खातं म्हणून आपण खायचं नाही, आणि आपण खातो म्हणून जनावराला घालायचं नाही. बागेतल्या झाडावर औषधं फवारलेली असतात, तिथलं ओळखीचं फळही तोंडात टाकायचं नाही. आणि नक्की माहीत नसेल तर मूठ उघडून मोठ्या माणसाला दाखवायची, जशी त्यानं दाखवली.

अक्का आता अडुसष्ट वर्षांची आहे, सासवडला लेकाकडं असते. परवा तिला भेटायला गेलो तेव्हा हे सगळं सांगितलं. कबरीचंही. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला ठावं हुतं. आयनं मला तवाच सांगितलं हुतं. म्हनली, त्येला काय बोलू नगंस, पोरगं उपाशी हाय."